घरगुती फराळ-मसाले विकायचेत? पहिल्या ऑर्डरपासून दुसऱ्या दिवाळीपर्यंत

घरच्या घरी फराळ, मसाले किंवा पापड विकायला सुरुवात करणाऱ्याची पहिली दिवाळी बहुतेक वेळा बरी जाते. नणंदेच्या ऑफिसातून चार किलो, शेजारच्या विंगमधून सहा किलो, भावाच्या मित्रांकडून आणखी थोडं. सगळे कौतुक करतात. आणि मग दुसऱ्या दिवाळीला फोन वाजत नाही. चव बिघडलेली नसते, कोणी रागावलेलंही नसतं. ज्यांनी ओळखीखातर घेतलं त्यांनी आपलं कर्तव्य पार पाडलेलं असतं, इतकंच.

म्हणून मार्केटिंगची सगळी शक्ती दुसऱ्या ऑर्डरवर लावायची. पहिली ओळखीवर मिळते, दुसरी मिळवावी लागते. नव्यानेच सुरुवात करणाऱ्या, आठवड्याला पाच-पंचवीस किलो माल काढणाऱ्या घरगुती व्यावसायिकांसाठी पुढच्या पायऱ्या लिहिल्या आहेत. इन्स्टाग्रामपासून सुरुवात करायची सवय सगळ्यांनाच लागली आहे. इथे ते बरंच शेवटी येईल.

पायरी १ : कागद आणि लेबल

कंटाळवाणं आहे, म्हणून आधी उरकून घेऊ. अन्नपदार्थ विकायचे तर घरून विकले तरी एफएसएसएआयची, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, नोंदणी लागते. लहान उलाढालीसाठी मूलभूत नोंदणी पुरते आणि ती त्यांच्या ‘फोसकॉस’ पोर्टलवर स्वतः करता येते. उलाढालीची मर्यादा आणि शुल्क तिथेच पाहून घ्या. मिळणारा १४ अंकी क्रमांक पाकिटावर छापायचा. ‘उद्यम’ ही लहान उद्योगांची सरकारी नोंदणी पूर्णपणे फुकट आहे. तिचे पैसे मागणारी सरकारीसारखी दिसणारी संकेतस्थळं भरपूर आहेत, तिकडे फिरकू नका.

लेबलवर पदार्थाचं नाव, घटक (जास्त प्रमाणाचा आधी), निव्वळ वजन, सर्व करांसह किंमत, बनवल्याची तारीख, कधीपर्यंत खावं ती तारीख, तुमचं नाव-पत्ता-फोन आणि शाकाहाराचं चिन्ह, म्हणजे हिरव्या चौकटीतला हिरवा ठिपका, एवढं तरी हवंच. पुष्कळ जण हे कायद्यासाठी नाइलाजाने करतात. माझ्या मते घरगुती व्यवसायात याच्याइतकी स्वस्त जाहिरात दुसरी नाही. डबा रिकामा होईपर्यंत ते लेबल गिऱ्हाइकाच्या स्वयंपाकघरात असतं, आणि चकली संपते त्या संध्याकाळी फोन नंबर समोर दिसला तर परत मागवणं दोन मिनिटांचं काम होतं. म्हणून नंबर मोठ्या अक्षरात, लेबलच्या दर्शनी बाजूला. मागच्या बाजूला मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत नको.

पायरी २ : एक पदार्थ आपल्या नावावर करा

पुण्यात चितळे म्हटलं की बाकरवडी आठवते. त्यांच्याकडे दूध, श्रीखंड, आंबा बर्फी असं कितीतरी मिळतं, पण लोकांच्या डोक्यात नाव एका पदार्थाला चिकटलेलं असतं. नवीन माणूस याच्या नेमका उलटा वागतो. पहिल्याच यादीत चकली, कडबोळी, तीन प्रकारचे लाडू, चार प्रकारचा चिवडा, अनारसे, चिरोटे आणि वर केक. वाचणाऱ्याला यातलं काहीच लक्षात राहत नाही.

यादी लांब असायला हरकत नाही, पण बोलायचं एकाच पदार्थाबद्दल. कोणता, हे लोकांनी ठरवायचं. आतापर्यंत ज्यांनी घेतलं त्यांना एवढंच विचारा, ‘आधी काय संपलं?’ ‘कसं वाटलं?’ विचारलं की सगळे छानच म्हणतात. काय आधी संपलं, या प्रश्नाचं उत्तर सहसा खरं येतं.

गावाकडची चव हाही मोठा धागा आहे. पुणे-पिंपरी-चिंचवडमध्ये राहणारी खानदेशातली कुटुंबं कळण्याचं पीठ शोधत असतात. मराठवाड्याकडच्यांना आपला काळा मसाला हवा असतो, सातारा-कोल्हापूरकडच्यांना कांदा-लसूण, कोकणातल्यांना मालवणी. मुंबईत लालबागला चिवडा गल्ली आणि मिरची गल्ली आहे, पण ठाण्या-कल्याणच्या पलीकडे राहणारं माणूस दर खेपेला तिथे जात नाही. तुमचं माहेर जळगावचं असेल तर ‘घरगुती मसाले’ असं गुळमुळीत लिहू नका. ‘जळगावच्या पद्धतीचा काळा मसाला’ लिहा. ज्याला हवा आहे तो त्या चार शब्दांवर थांबतो.

पायरी ३ : भाव असा काढा की पुढे मोडावा लागणार नाही

भाव ठरवणं हाही मार्केटिंगचाच भाग आहे, कारण चुकलेल्या भावावर सवलत, दुकान, प्रदर्शन यातलं काहीच बसत नाही. उदाहरणापुरते आकडे घेऊ. तुमच्या गावचे वेगळे असतील.

पाच किलो चकलीचा घाणा. साडेतीन किलो भाजणीपीठ १४० रुपयांप्रमाणे ४९०. तेल दीड किलो, २२५. तीळ, ओवा, तिखट वगैरे ६०. गॅस ७५. पाकिटं आणि लेबलं ८०. इथवर बहुतेक जण हिशेब करतात. ९३० रुपये होतात, म्हणजे किलोला १८६, म्हणजे ३०० ने विकलं की झकास, असं वाटतं. पण सात तास कोण उभं होतं? तासाला ८० रुपये धरले तरी ५६० होतात. स्वतःची मजुरी धरायची लाज वाटते त्यांनी असा विचार करावा, की उद्या हात दुखायला लागला आणि मदतनीस ठेवावी लागली तर तिला पैसे कुठून द्याल?

एकूण १४९०. त्यात पाव किलोचा तुकडा-चुरा होतो, विकण्याजोगी पावणेपाच किलो उरते. किलोमागे खर्च ३१४ रुपये. विक्री ४४० ने केली तर हातात १२६. आता एखादं दुकान म्हणालं, ‘ठेवतो, पण २५ टक्के माझे,’ तर ११० तिकडे गेले आणि तुमच्याकडे राहिले १६. हा हिशेब आधी केलेला असला की दुकानदाराला कधी हो म्हणायचं आणि कधी नाही, याचा विचार करत बसावं लागत नाही. तुकडा चकली टाकू नका. चिवड्यात घालायला ती अर्ध्या भावात घेणारे लोक असतात.

बाजारातल्या यंत्रावरच्या चकलीशी भावात स्पर्धा करायला जाऊ नका, ती लढाई हरणारच. ‘महाग आहे’ म्हणणाऱ्याला उत्तर द्यायचं तर तेल कोणतं, किती वेळा वापरतो, भाजणी कुठे दळतो, हे शांतपणे सांगा. तरी नको म्हणाला तर तो आपला ग्राहक नाही.

पायरी ४ : वही

सगळ्या लेखातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट दोनशे पानी वही आहे. ज्याला जमतं त्याने मोबाइलवर शीट करावी, पण वही सुचवतो, कारण तळताना तेलकट हातानेही तीत लिहिता येतं.

प्रत्येक ग्राहकाला अर्धं पान. नाव, फोन, कुठल्या इमारतीत किंवा कोणाच्या ओळखीने आले. काय, किती, कधी घेतलं. आणि एक ओळ त्यांच्याबद्दल : ‘तिखट कमी.’ ‘सासऱ्यांना मधुमेह, लाडू नकोत.’ ‘मुलगी कॅनडात, दर वर्षी पाठवतात.’ ‘शेंगदाणे चालत नाहीत.’

‘कोणाच्या ओळखीने’ हा रकाना फार काम करतो. वर्षभरात दिसतं, की पंधरा ग्राहक एकाच शिक्षिकेकडून आले आहेत. शाळेच्या स्टाफरूममध्ये तिने डबा उघडला होता. अशी दोन-तीन माणसं प्रत्येक व्यवसायाला सापडतात आणि आपल्याला त्यांचा पत्ता नसतो. त्यांना कमिशन देऊ करू नका, बहुतेकांना ते अपमानास्पद वाटतं. नवीन पदार्थ केला की पहिली वाटी त्यांच्या घरी, दिवाळीत एक डबा आपला म्हणून. बास.

आणि वहीचा खरा उपयोग हा, की पुढच्या वर्षी असा निरोप पाठवता येतो :

‘नमस्कार काकू. मागच्या दिवाळीला तुम्ही दोन किलो भाजणीची चकली आणि एक किलो पातळ पोह्यांचा चिवडा घेतला होता, चिवड्यात शेंगदाण्याऐवजी डाळं. या वर्षीची नोंदणी कालपासून सुरू केली आहे. तेवढंच लिहून ठेवू का? काही कमी-जास्त असेल तर सांगा.’

याच्या शेजारी तो नेहमीचा निरोप ठेवून बघा, फुलं-पणत्यांच्या चित्रावर ‘आमच्याकडे सर्व प्रकारचा फराळ योग्य दरात मिळेल’ असं लिहिलेला. पहिल्यात काकूंना फक्त ‘हो’ लिहायचं आहे. दुसऱ्यात यादी मागवायची, भाव विचारायचे, मागच्या वर्षी किती घेतलं होतं ते आठवायचं, म्हणजे ते काम उद्यावर जातं.

पन्नास जणांना असे निरोप एकेक करून लिहायला एक दुपार लागते. ती दुपार काढा.

पायरी ५ : व्हॉट्सॲप, पण बेताने

साधं व्हॉट्सॲप न वापरता ‘व्हॉट्सॲप बिझनेस’ घ्या. तेही फुकट आहे. शक्य असेल तर वेगळ्या नंबरवर, म्हणजे तुमच्या भाचीच्या बारशाचे फोटो ग्राहकांच्या स्टेटसमध्ये जाणार नाहीत. त्यात तीन सोयी कामाच्या : पदार्थ, फोटो आणि भाव लावलेला कॅटलॉग, वारंवार विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांची तयार उत्तरं, आणि ‘पैसे बाकी’, ‘पोहोचवायचं आहे’ अशी लेबलं.

ब्रॉडकास्टचा, म्हणजे एकच निरोप एकदम अनेकांना पाठवायच्या सोयीचा, एक नियम पुष्कळांना माहीत नसतो. ज्यांनी तुमचा नंबर आपल्या फोनमध्ये साठवला आहे त्यांनाच तो निरोप पोहोचतो. तुमच्या यादीत दोनशे जण असले तरी नंबर साठवलेला फक्त साठ जणांनी असेल, तर साठच. म्हणून माल देताना एवढं सांगायचं, ‘ताई, नंबर सेव्ह करून ठेवा, नवीन घाणा निघाला की कळवीन.’

न विचारता कोणालाही ग्रुपमध्ये टाकू नका. सोसायटीच्या ग्रुपवर जाहिरात टाकण्याआधी सेक्रेटरींना विचारा. बऱ्याच सोसायट्यांनी त्यासाठी वेगळा ग्रुप किंवा ठरावीक वार ठेवलेला असतो. रोज ‘शुभ सकाळ’ पाठवणाऱ्याचा नंबर लोक गुपचूप म्यूट करतात, आणि मग आपला खरा निरोपही त्यातच बुडतो. महिन्याला तीन-चार निरोप पुरे, प्रत्येकात काहीतरी ठोस : ‘उद्या सकाळी थालीपीठ भाजणी दळून येतेय, आठ किलो आहे, पाच किलोची नोंद झाली.’ उरलेलं किती हे खरं असेल तरच लिहा. आपण ज्यांना विकतो ती माणसं एकमेकींशी बोलतात.

फोटोंचं म्हणाल तर इंटरनेटवरून उचललेला फोटो कधीच वापरू नका. सकाळी दहाच्या सुमारास खिडकीशेजारी स्टीलचं ताट ठेवा, दिवा बंद, फ्लॅश बंद. चकलीचा नुसता ढीग सगळ्यांचा सारखाच दिसतो. एक चकली मोडून आतली नळी दिसेल असा फोटो काढा. ती पोकळ नळी बघून जाणकार बाई ओळखते की चकली खुसखुशीत आहे. मोडतानाचा पाच सेकंदांचा व्हिडिओ त्याहून बरा, कारण आवाज येतो. त्यावर गाणं लावू नका.

पायरी ६ : जवळच्यांना गुगलवर सापडा

‘पुरणपोळी जवळपास’ असं शोधणाऱ्याला पुरणपोळी आत्ताच हवी असते. गुगलवर व्यवसायाचं प्रोफाइल फुकट करता येतं आणि त्यासाठी दुकान असावंच लागतं असं नाही. घरून काम करत असाल तर पत्ता लपवून फक्त कोणत्या भागात माल पोहोचवता ते दाखवता येतं. एकटीने घर सांभाळणाऱ्या बाईने तर पत्ता लपवावाच. वेळा खऱ्या लिहा, दर महिन्याला दोन-तीन नवे फोटो टाका.

अभिप्राय मागायची योग्य वेळ म्हणजे ग्राहक आपणहून ‘मस्त होती हो’ असं लिहितो तो क्षण. तिथेच लिंक पाठवा : ‘हेच दोन ओळींत इथे लिहाल का?’ अभिप्रायाच्या बदल्यात फुकट पाकीट देऊ नका, गुगलच्या नियमांत ते बसत नाही. एखाद्याने वाईट लिहिलं तर सगळ्यांसमोर वाद घालू नका. एका ओळीत दिलगिरी, फोन करतो असं आश्वासन, आणि मग खरोखर फोन. पुढचे वाचणारे तक्रारीपेक्षा तुमचं उत्तर जास्त लक्ष देऊन वाचतात.

पायरी ७ : पंचांग समोर ठेवून वर्ष आखा

मोठ्या कंपन्या लोकांना खरेदीचं कारण देण्यासाठी कोट्यवधी खर्च करतात. आपल्याकडे ती कारणं भिंतीवरच्या कॅलेंडरवर छापून येतात. नवखे लोक फक्त दिवाळी धरतात आणि उरलेले अकरा महिने हातावर हात धरून बसतात.

संक्रांत ते रथसप्तमी हा हळदीकुंकवाचा काळ, आणि माझ्या मते घरगुती व्यवसायाला वर्षातली सगळ्यात मोठी संधी इथे आहे. प्रत्येक घरी वाण लागतं, २५ ते ५० नग, आणि दर वर्षी बायका तेच तेच प्लॅस्टिकचे डबे देऊन वैतागलेल्या असतात. गोड्या मसाल्याचं ५० ग्रॅमचं नीट पाकीट, सोबत त्याच मसाल्याच्या आमटीची कृती छापलेली चिठ्ठी, असं वाण तयार करा. एका ऑर्डरमध्ये तुमचा नंबर पन्नास स्वयंपाकघरांत जातो, आणि नमुना वाटल्याचे पैसे उलट तुम्हालाच मिळतात. नमुने दाखवायचे डिसेंबरात. संक्रांतीच्या आठवड्यात दाखवले तर उशीर झाला. गूळपोळी आणि तिळाच्या वड्या त्याच फेरीत विकल्या जातात.

मग उन्हाळा. नवी मिरची बाजारात आली की वर्षाचा मसाला मार्च ते मे या दिवसांत होतो. इथे तयार पाकिटापेक्षा ‘तुमच्या प्रमाणाने करून देतो’ ही सोय जास्त चालते. ब्याडगी जास्त की लवंगी, तिखट किती, हे वहीत लिहून ठेवलं की पुढच्या वर्षी तो ग्राहक दुसरीकडे जायला कंटाळतो. पापड, कुरडया, सांडगे याच दिवसांतले. गच्ची आणि ऊन असेल तर.

आषाढीला आणि श्रावणात उपवासाची भाजणी. श्रावणी शुक्रवारांना पुरणपोळ्या.

गणपतीत उकडीच्या मोदकांना मागणी इतकी असते, की तिथे मार्केटिंग म्हणजे नाही म्हणायला शिकणं. मोदक त्याच दिवशी खायचा पदार्थ, आणि आरतीच्या आधी नैवेद्य पोहोचायला हवा. तुमच्या हातून सकाळी किती नग होतात ते आधी एकदा करून बघा. ११ आणि २१ चे डबे, अर्ध्या-अर्ध्या तासाच्या वेळा ठरवून, पूर्ण पैसे आगाऊ. आकडा भरला की बंद. चतुर्थीला दुपारी दोन वाजता मोदक मिळालेलं घर तुमच्याकडे परत येत नाही आणि ही गोष्ट दहा घरांत सांगतं.

गौरींकडे मात्र फारसं कोणाचं लक्ष नसतं. बऱ्याच घरांत गौरीपुढे फराळाचे पदार्थ मांडतात, पण घरात करायला वेळ नसतो आणि प्रत्येक पदार्थ थोडाथोडाच हवा असतो. ‘गौरीचा फराळ : पाच पदार्थ, प्रत्येकी पाव किलो’ असा एक डबा ठेवा. दिवाळीच्या आधी लोक तुमची चव पैसे देऊन घेतात, आणि तुमचीही रंगीत तालीम होते.

दिवाळीचं वेळापत्रक उलट मोजायचं. वसुबारसेच्या आठवडाभर आधी नोंदणी बंद. कोजागरीपर्यंत फक्त जुन्या ग्राहकांची नोंद, त्यांना तसं सांगायचंही : ‘आधी तुम्हाला विचारतोय.’ त्यानंतर नवे. दसऱ्याला भाव जाहीर. परदेशात पाठवणाऱ्यांचा माल त्याहूनही आधी, नवरात्राच्या सुमारास द्यावा लागतो, कारण पार्सलला वेळ लागतो. त्यांच्यासाठी कोरडे, न तुटणारे पदार्थ सुचवा : शंकरपाळे, शेव, कडबोळी. पातळ पोह्यांचा चिवडा प्रवासात भुगा होतो. दुधाचे पदार्थ आणि बिया यांच्याबाबत ऑस्ट्रेलियासारख्या देशांचे नियम कडक आहेत, ते टपाल खात्यात किंवा कुरिअरवाल्याकडे विचारूनच ग्राहकाला हो म्हणा. घट्ट पॅकिंग आणि ठळक इंग्रजी लेबल ही सोय दिली तर हे ग्राहक भावाची घासाघीस करत नाहीत.

पायरी ८ : घराबाहेर पडणं

‘विको’ची सुरुवात १९५२ सालची, आणि संस्थापक केशव पेंढारकर व त्यांची मुलं दंतमंजन घेऊन मुंबईत दारोदार फिरत होती. १९५९ साली गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली, ते पुढे ‘लिज्जत’ झालं. दोन्हीकडे टीव्हीवरच्या जाहिराती फार नंतर आल्या. आज दारोदार जायचं म्हणजे सोसायटीचं हळदीकुंकू, भिशी, शाळेचा मेळावा, मंडळाची आनंदनगरी.

स्टॉल घेण्याआधी भाड्याचं गणित करा. दोन दिवसांचं भाडं ३,००० असेल आणि किलोमागे तुम्हाला १२६ सुटत असतील, तर फक्त भाडं निघायला २४ किलो विकावं लागेल, म्हणजे अर्ध्या किलोची ४८ पाकिटं. तेवढी गर्दी तिथे येते का, हे मागच्या वर्षी स्टॉल लावलेल्या एखाद्या ताईंना विचारा, आयोजकांना नको. बचत गटात असाल तर राज्य सरकारच्या ‘उमेद’ अभियानाच्या ‘महालक्ष्मी सरस’सारख्या प्रदर्शनांची माहिती तालुक्याच्या कक्षात मिळते. पुण्यातली भीमथडी जत्राही अशीच मोठी. पण मोठ्या प्रदर्शनाला पहिल्याच वर्षी जाऊ नये असं मला वाटतं. तिथे पाच दिवस पुरेल एवढा एकसारखा माल लागतो, आणि तो एकसारखा काढणं हीच मोठी कला आहे.

स्टॉलवर चव द्यायला कंजुषी नको, पण वाटी पुढे करून गप्प उभं राहू नका. ‘ही भाजणीची, ही तांदळाची, कोणती आवडते बघा’ असं म्हटलं की माणूस दोन्ही खातो आणि एक निवडतो; निवडली की बहुधा घेतो. विकत घेतलं नाही तरी चालेल, पण ‘पुढचा घाणा निघाला की कळवू का?’ विचारून नंबर वहीत घ्या. दोन दिवसांत मिळालेले चाळीस नंबर विक्रीच्या रकमेपेक्षा जास्त मोलाचे ठरू शकतात.

किराणा दुकानात माल ठेवायचा तर ‘विकलं की पैसे’ या बोलीवर फार माल अडकवू नका. थोडा माल, दर आठवड्याला स्वतः जाऊन मोजणी, आणि तारीख जवळ आलेलं पाकीट आपणहून उचलून आणणं. खवट झालेलं एक पाकीट गिऱ्हाइकाच्या हाती पडलं तर नाव तुमचं जातं, दुकानदाराचं नाही.

पैसे घेण्याबद्दल दोन शब्द. ऑर्डर पक्की करतानाच निम्मे आगाऊ घ्या; ओळखीच्यांकडे मागणं जड जातं, म्हणून तो नियम कॅटलॉगवरच छापलेला असू द्या. पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट पाहून माल सोडू नका, आपल्या खात्यात जमा झाले का ते बघा. आणि पैसे मिळवण्यासाठी आपल्याला यूपीआय पिन कधीच टाकावा लागत नाही. ‘पाच हजारांची ऑर्डर आहे, हा कोड स्कॅन करा’ म्हणणारा फोन ठेवून द्या.

पायरी ९ : पैसे देऊन जाहिरात

सुरुवातीला नको. तुमच्या हातून आठवड्याला वीस किलो निघतं आणि वहीतले पन्नास ग्राहक ते उचलू शकतात, तर अनोळखी माणसाला बोलावून त्याला नाही म्हणण्यासाठी पैसे कशाला घालवायचे? क्षमता वाढली, मदतनीस आली, की तीन ते पाच किलोमीटरच्या परिघापुरती, थेट व्हॉट्सॲपवर आणणारी छोटी जाहिरात फेसबुक-इन्स्टाग्रामवर करून बघा. प्रत्येक नव्या ग्राहकाला ‘कुठे पाहिलंत?’ विचारून वहीत लिहा, म्हणजे पैसे वसूल झाले की नाही ते कळेल. रील आठवड्याला एक पुरे.

पेपरातून टाकायची हँडबिलं अजून चालतात, विशेषतः जिथे निवृत्त मंडळी जास्त राहतात तिथे. पेपरवाल्याशी बोलून फक्त आपल्या दोन-तीन गल्ल्यांपुरती टाकायला सांगा. गणेश मंडळाच्या स्मरणिकेतली जाहिरात मात्र वर्गणी समजून द्या. ऑर्डर येतील म्हणून नको.

पायरी १० : दिवाळी संपल्यावरचा आठवडा

या आठवड्यात सगळे झोपा काढतात, आणि हक्कच आहे तो. पण तुळशीच्या लग्नाच्या आत दोन कामं करा. पहिलं, प्रत्येक ग्राहकाला एक ओळ : ‘फराळ कसा झाला, काही कमी-जास्त असेल तर मोकळेपणाने सांगा.’ लाडू कडक झाले होते असं कोणी म्हणालं तर कारणं देऊ नका, पुढच्या वेळी पाव किलो आपले म्हणून पाठवा आणि वहीत त्या तारखेच्या घाण्यापुढे खूण करा. एकाच घाण्याबद्दल तिघांनी तेच सांगितलं तर गडबड पाकात होती.

दुसरं, पदार्थवार हिशेब. अनारशांना तांदूळ तीन दिवस भिजवायचे, वाळवून कुटायचे, पीठ मुरवायचं, आणि तुपात एखादा हसला, म्हणजे विरघळून पसरला, की घाणा गेला. एवढं करून किलोमागे चकलीपेक्षाही कमी सुटत असेल, तर पुढच्या वर्षी भाव वाढवा किंवा यादीतून काढून टाका. ‘या वर्षी अनारसे नाहीत का?’ असं विचारणाऱ्या काकूंना वाढीव भाव सांगा आणि किती जणी तरीही हो म्हणतात ते मोजा. आठ-दहा जणी निघाल्या तर फक्त त्यांच्यापुरते करा, आगाऊ पैसे घेऊन.